होडी हवेत, पंख पाण्यात : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात बार्सिलोनाच्या २०२४ च्या अमेरिकाज कप या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीचा एक फोटो छापला होता, अख्खी होडी पाण्याच्या वर आणि खाली नुसता एक पाय टेकलेला, सोबत जेमतेम दोन ओळी माहिती. त्यावर इतके मेल आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळून फक्त गावं ठेवलीत.

अलिबाग : आम्ही मांडव्याहून गेटवेला कायम कॅटामरानने जातो. फोटोतली होडी पण कॅटामरानच का? आणि इंजिन नाही म्हणता तर मग ती वर उचलतं कोण?

नाही हो, कॅटामरान म्हणजे फक्त दोन हलची (हल म्हणजे होडीचं बूड) होडी, बाकी उडण्याशी तिचा काही संबंध नाही. तुमची मांडव्याची कॅटामरान दोन पोटांवर तरंगते आणि इंजिनावर चालते, बास. घोळ होतो कारण अमेरिकाज कपमध्ये २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोला आणि २०१७ ला बर्म्युडाला खरोखर कॅटामरानच होत्या, आणि मोठ्या होड्या फॉइलवर, म्हणजे पाण्याखालच्या पंखावर, उडताना जगाने तेव्हाच पहिल्यांदा टीव्हीवर बघितल्या. २०२१ च्या ऑकलंडपासून मात्र एसी७५ नावाची एकाच हलची होडी आली, आमच्या फोटोतली तीच.

आता उचलतं कोण, तर पाणीच उचलतं. होडीच्या खाली एक खांब आणि त्याच्या टोकाला आडवा पंख, विमानाच्या पंखासारखाच फक्त अगदी छोटा. शिडात वारा भरला की होडी पुढे सरकते, पंख पाण्यातून जाताना पाण्याला खाली ढकलतो आणि पाणी त्याला वर ढकलतं. पाणी हवेच्या जवळजवळ आठशे पट दाट असतं, त्यामुळे विमानाला जेवढा पंख लागतो त्याच्या तुलनेत इथे अगदी चिमुकला तुकडा पुरतो. वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते, म्हणून होडी आधी साध्या होडीसारखीच रखडत जाते आणि ठरावीक वेग आला की एकदम वर येते. हल पाण्यातून सुटला की पाणी कापण्यात जी शक्ती वाया जात होती ती वाचते आणि वेग अजून वाढतो. साडेसहा टनांच्या आसपासची एसी७५ असंच करते, तिला खाली वजनदार कील (तोल सांभाळणारा बुडाखालचा भाग) पण नाही, दोन बाजूंना दोन हलते हात आहेत. एक हात पाण्यात असतो, त्यावर होडी उभी राहते, दुसरा वाऱ्याच्या बाजूला वर उचललेला, तो आपल्या वजनाने होडी पालथी पडू देत नाही.

नाशिक, बारावी सायन्स : वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात लिफ्ट वाढते हे कळलं. मग वेग वाढत गेला की होडी वर वर जाऊन पंख पाण्याबाहेर का येत नाही?

येतो की! फॉइलच्या जगात सगळ्यात जास्त आपटाआपटी यानेच होते. तू जे विचारलंस ना तोच या खेळातला खरा प्रश्न आहे. वेगाचं सगळे बोलतात पण होडी उचलणं हे तसं सोपं काम, अवघड आहे ते ठरावीक उंचीवर धरून ठेवणं, आणि मला विचारशील तर फॉइलच्या होड्यांचे प्रकार पाडायचे असतील तर आकार नि लांबी बघू नये, उंची कोण सांभाळतंय ते बघावं.

सगळ्यात जुना उपाय असा की पंख तिरका लावायचा, म्हणजे त्याचा थोडा भाग कायम पाण्याबाहेर राहील. होडी वर आली की पाण्यातला पंख कमी होतो, उचल कमी होते, होडी खाली बसते, खाली बसली की उलटं. आपोआप. अमेरिकेत गॉर्डन बेकर या माणसाने १९५५ च्या सुमारास मॉनिटर नावाची शिडाची होडी अशाच तत्त्वावर उडवली होती, तिला एकाखाली एक पट्ट्या असलेले फॉइल होते आणि ती ३० नॉटपर्यंत गेली. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किमी, हे एकदा लक्षात ठेव, पुढे परत परत लागेल.) तोटा काय, तर पाणी आणि हवेच्या सीमेवर काम करणारा पंख लाटांनी धडपडतो आणि वरून हवा शोषून घेतो. हवा पंखावर घुसली की उचल एका क्षणात गायब. याला व्हेंटिलेशन म्हणतात.

दुसरा उपाय म्हणजे उलट्या टी सारखा फॉइल, पंख पूर्ण पाण्यात. घर्षण कमी, उचल स्वच्छ, पण आता तो आपलं आपण काहीच सांभाळत नाही, तू म्हणतोस तसा वेग वाढला की वरच जाणार. इथे मॉथ नावाची होडी कामाला आली. मॉथ म्हणजे एका माणसाची साडेतीन मीटरहून कमी लांबीची होडी (नेमकी ३.३५५ मीटर), नुसता हल दहा किलोच्या आसपास, आणि क्लासचा, म्हणजे या प्रकारच्या होड्यांचा, नियम असा की लांबी, रुंदी, शिडाचा आकार पाळा, बाकी तुम्हाला काय डोकं चालवायचं ते चालवा. त्यामुळे जगभरच्या खटपट्या लोकांचं हे आवडतं खेळणं. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थला गार्थ आणि जॉन आयलेट या भावांनी दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला मॉथच्या मधोमध एक टी फॉइल आणि सुकाणूवर दुसरा टी फॉइल अशी मांडणी जमवली. पुढे नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून, एक काठी खाली सोडलेली असते, तिला वँड म्हणतात, तिचं टोक पाण्यावर घासत जातं. घराच्या टाकीत बॉलकॉक बघितला असशील, पाणी चढलं की दांडी उचलली जाते नि नळ बंद होतो, बरोब्बर तेच. होडी खाली असली की पाणी काठीला मागे ढकलतं, काठीला जोडलेली तार पंखाच्या मागच्या कडेची झडप खाली करते, उचल वाढते. होडी फार वर गेली की काठी लोंबते, झडप वर होते, उचल कमी. सेन्सर नाही, बॅटरी नाही. सुकाणूच्या फॉइलचा कोन सुकाणूचा दांडा पिळून बदलायचा, ते खलाशाच्या हातात.

२००५ मध्ये मेलबर्नला रोहन व्हील या पठ्ठ्याने फॉइलवर मॉथची जागतिक स्पर्धा जिंकली आणि त्यानंतर बिनफॉइलची मॉथ शर्यतीत दिसेनाशीच झाली. आणि एक गंमत बघ, साधी होडी वाऱ्याने पलीकडे कलते, मॉथ मुद्दाम वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे उलटी कलवून चालवतात, त्यात खलाशाचं वजन जास्त कामी येतं आणि पंखाची थोडी उचल होडीला वाऱ्याकडे ओढते. पहिल्यांदा बघताना वाटतं हा आता पडणार.

मालवण, निवृत्त बंदर कर्मचारी : आमच्या वडिलांचं गलबत होतं. वाऱ्यापेक्षा जोरात शिडाची होडी जाते हे मला तरी पटत नाही. वारा ढकलणार तेवढीच ती जाणार ना?

काका, गलबताच्या बाबतीत तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. वारा पाठीमागून घेऊन जाणारी होडी वाऱ्याच्या पुढे जाऊच शकत नाही, वेग सारखा झाला की शिडात वाराच उरत नाही. पण वारा कुशीतून घेतला की हिशेब बदलतो. समजा वारा १५ नॉटचा आहे, बरोबर आडवा, आणि होडी २० नॉटने चाललीय. होडीवर उभ्या माणसाला काय जाणवणार, १५ चा बाजूने आणि २० चा समोरून, दोन्ही मिळून २५ नॉटचा वारा, तिरका समोरून. (शाळेतला पायथागोरस, १५-२०-२५.) म्हणजे होडी जितकी पळते तितका तिचा स्वतःचा वारा वाढतो आणि शीड या वाढलेल्या वाऱ्यावर चालतं. गलबतालाही हा फायदा मिळतो पण तिचं बूड पाण्यात इतकं रुतलेलं असतं की वेग वाढवायला जागाच नसते. फॉइलवर बूडच नाही, मग होडी वाऱ्याच्या दुप्पट, कधी तिप्पट सुद्धा जाते.

त्यातून एक विचित्र गोष्ट होते ती तुम्हाला आवडेल. जाणवणारा वारा इतका पुढे सरकतो की या होड्या वाऱ्याच्या दिशेने खाली जातानासुद्धा शिडं घट्ट ओढून, जणू वाऱ्याच्या तोंडावर चाललोय अशीच चालतात. फुगलेलं मोठं रंगीत शीड, स्पिनेकर म्हणतात ते, फॉइलच्या शर्यतीत त्यामुळेच फारसं दिसत नाही. आणि सरळ खाली कुणी जात नाही, नागमोडी जायचं, अंतर वाढलं तरी पोचायचं आधी.

पुणे : पॅरिस ऑलिंपिकमध्ये फळीवर शीड धरून जाणाऱ्या मुली बघितल्या आणि पतंगवाल्या पण. दोन्ही काय आहे सांगा ना, आणि त्या ब्रिटिश मुलीवर अन्याय झाला का?

फळी आणि शीड म्हणजे आयक्यूफॉइल, २०२४ पासून ऑलिंपिकमधलं विंडसर्फिंग. टोकियोपर्यंत आरएस:एक्स नावाची साधी फळी होती, ती काढून ही आणली. फळी २ मीटर २० सेंटिमीटर लांब आणि ९५ सेंटिमीटर रुंद, खाली खांब साधारण मीटरभर, पुरुषांचं शीड ९ चौरस मीटर आणि बायकांचं ८. सगळ्यांना सामान सारखंच, त्यामुळे खर्च करून पुढे जायची सोय नाही. नाशिकच्या मुलाला सांगितलेली वँड वगैरे इथे काही नाही, उंची सांभाळायची ती पायांनी. पुढच्या पायावर भार दिला की फळी खाली, मागच्यावर दिला की वर, आणि हे ताशी पन्नास किमीला, लाटेत, शेजारी वीस जणी असताना. शीड वाऱ्याच्या बाजूला झुकवून त्यावर अंग टाकावं लागतं म्हणून इथे वजन कामाला येतं, जुन्या फळीवरचे सडपातळ खेळाडू या फळीसाठी खाऊन नि व्यायाम करून जाडजूड झाले. पाच-सहा नॉटच्या झुळुकीत सुद्धा शीड दोन-चार वेळा जोरात पंखासारखं मारून फळी वर काढतात, हे बघायला फार भारी वाटतं.

पतंगवालं म्हणजे फॉर्म्युला काइट, ते पॅरिसलाच पहिल्यांदा आलं. यात शीड नाहीच, वर आकाशात हवेने फुगणारी काइट, दोऱ्या कमरेच्या हार्नेसला, आणि पायाखाली छोटीशी फळी लांब खांबावर. वारा कमी तर काइट मोठी, २० चौरस मीटरच्याही पुढे. काइट उंचावर जास्त वारा पकडते आणि ती स्वतः पण हवेत फिरवता येते, म्हणून ऑलिंपिकमधल्या शिडाच्या सगळ्या प्रकारांत हे सगळ्यात वेगवान. पहिलं सुवर्ण ब्रिटनच्या एली आल्ड्रिजने घेतलं, पुरुषांत ऑस्ट्रियाच्या व्हॅलेंटिन बोन्टसने. म्हणजे ज्या देशाला समुद्रच नाही त्याने! आणि सिंगापूरचा मॅक्स मेडर सतरा वर्षांचा, त्याला ब्राँझ मिळालं ते ९ ऑगस्टला, सिंगापूरच्या राष्ट्रीय दिनालाच.

तुम्ही म्हणता ती ब्रिटिश मुलगी एमा विल्सन. तिने मार्सेलीला (पॅरिस ऑलिंपिकच्या शिडाच्या शर्यती तिथे झाल्या) सुरुवातीच्या मालिकेत निम्म्याहून जास्त शर्यती जिंकल्या, ती इतर सगळ्यांच्या कितीतरी पुढे होती. पण तेव्हा आयक्यूफॉइलचा नियम असा होता की शेवटच्या दिवशी उपांत्यपूर्व, उपांत्य आणि मग तिघींची एकच फायनल, आधीचे गुण तिथे पुसले जायचे. आघाडीवरच्या खेळाडूला बक्षीस एवढंच की ती थेट फायनलमध्ये जायची. म्हणजे बाकीच्या दोघी त्याच दिवशी आधी शर्यत करून वाऱ्याला सरावून येणार आणि ही किनाऱ्यावर वाट बघत बसणार! फायनलला इटलीची मार्ता माजेट्टी पहिली, इस्रायलची शॅरन कँटर दुसरी, एमा तिसरी. अन्याय म्हणू का माहीत नाही, नियम सगळ्यांना आधीपासून माहीत होता. पण आठवडाभर वेगवेगळ्या वाऱ्यात टिकून राहणं हेच शिडाच्या शर्यतीचं मर्म आहे आणि दहा मिनिटांच्या टीव्हीसाठी ते पुसून टाकणं मला मुळीच पटत नाही.

ऑलिंपिकमध्ये फॉइलचा तिसरा प्रकार पण होता, त्याच्याबद्दल कुणीच विचारलं नाही, नाक्रा १७. सव्वापाच मीटरची कॅटामरान, एक पुरुष एक बाई, झेड सारखे वळलेले फॉइल. इटलीच्या रुज्जेरो टीटा आणि कॅटरिना बँटी या जोडीने टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडे सुवर्ण नेलं. २०२८ ला लॉस एंजेलिसलाही हे तिन्ही प्रकार आहेत.

डोंबिवली : सगळ्यात जास्त वेग किती? आणि त्याला काही मर्यादा?

शर्यतीत म्हणाल तर सेलजीपीच्या एफ५० कॅटामरान. लॅरी एलिसन आणि रसेल कूट्स यांनी काढलेली ही लीग २०१९ ला सिडनीत सुरू झाली, आणि त्याच वर्षी इंग्लंडमधल्या काउजला टॉम स्लिंग्सबीच्या ऑस्ट्रेलियन टीमने ५०.२२ नॉट गाठले. २०२२ ला फ्रान्समधल्या सां त्रोपेला फ्रेंच टीम ताशी ९९.९४ किमीपर्यंत गेली, तो तेव्हाचा विक्रम, शंभराला सहा शतांश कमी, किती जीव जळला असेल.

पन्नास नॉटच्या आसपास एक भिंत लागते. पंखाच्या वरच्या बाजूला दाब इतका खाली जातो की पाणी गरम न होताच उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, याला कॅव्हिटेशन म्हणतात. मग उचल ढासळते, घर्षण वाढतं, बुडबुडे फुटताना धातूला खड्डे पडतात. फ्रान्सच्या लिद्रोप्तेर या तीन हलच्या होडीने २००९ ला ५०० मीटरवर ५१.३६ नॉटचा विक्रम केला तो या भिंतीला घासूनच. भिंत फोडली ती पॉल लार्सनने. नामिबियात वॉल्व्हिस बेला २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या सेलरॉकेट २ ने ६५.४५ नॉट केले, म्हणजे ताशी १२१ किमी, नुसत्या वाऱ्यावर. त्याने बुडबुड्यांशी भांडण केलंच नाही, फॉइल पाचरीसारखा बनवला आणि त्याच्या मागे मुद्दाम हवा येऊ दिली. पण सेलरॉकेट एकाच दिशेला, सपाट पाण्यात, किनाऱ्याला लागून धावणारं यंत्र आहे, वळून परत यायचं तर ओढून आणावं लागतं, त्यामुळे शर्यतीशी तिची तुलना नको.

न्यू जर्सी : मुलगा १४ वर्षांचा, इथल्या क्लबमध्ये ऑप्टिमिस्ट (मुलांची छोटी शिडाची होडी) चालवतो. आता त्याला फॉइलिंगच हवंय, दुसरं काही नको म्हणतो. कुठली होडी आणि भीती वाटावी असं काही आहे का?

आधी तुमच्या मुलाला खूश करून टाकते. इटलीचा मार्को ग्रादोनी याने २०१७, १८, १९ अशी सलग तीन वर्षं ऑप्टिमिस्टची जागतिक स्पर्धा जिंकली, आणि २०२४ ला बार्सिलोनात लुना रोसा या इटालियन संघाच्या तरुण टीममध्ये सुकाणूवर बसून यूथ अमेरिकाज कप पण जिंकला, एसी४० या चार जणांच्या फॉइलिंग होडीवर. तेव्हा ऑप्टिमिस्टमध्ये शिकलेलं काही फुकट जात नाही, वारा वाचणं आणि सुरुवातीच्या रेषेवरची मारामारी तिथेच शिकतात.

होडी हवी असेल तर वॉस्प बघा. मॉथचेच मोठे डिझायनर अँड्र्यू मॅकडुगल यांनी २०१६ ला आणली, मॉथसारखीच वँड आहे पण सगळ्यांना सामान सारखं, त्यामुळे दर वर्षी नवीन पंख घ्या ही कटकट नाही. डोलकाठीला आधाराच्या तारा नाहीत म्हणजे पडलं तर तारेवर आपटायची भीती कमी, आणि फॉइल वर ओढून घेता येतात म्हणून उथळ पाण्यातून चालत नेता येते. मॉथवर हे होत नाही, ती आडवी करून पोहत खोल पाण्यात न्यावी लागते. वजनाप्रमाणे शीड लहान-मोठं मिळतं. थेट मॉथ घेऊ नका, म्हणजे हौस म्हणून कुणी घेतं का तर घेतात, पण ती नाजूक आणि महाग, चौदाव्या वर्षी नकोच.

स्वस्तात सुरू करायचं तर विंग फॉइल. हातात धरायचं हवा भरलेलं पंखासारखं शीड, ते फळीला जोडलेलंच नसतं, आणि खाली फॉइलची फळी. पडलं तर विंग सोडून द्यायची, पट्ट्याने मनगटाला किंवा कमरेला अडकलेली राहते. सामान गाडीच्या डिकीत मावतं. गेल्या काही वर्षांत याच्या शर्यती पण भरपूर व्हायला लागल्यात.

भीतीचं म्हणाल तर फॉइलची कड धारदार असते, ती स्वतःच्या नाही तर दुसऱ्याच्या अंगावर येणं हा खरा धोका. हेल्मेट, छातीला इम्पॅक्ट व्हेस्ट, पाय झाकणारा वेटसूट, पायात बूट, यावर घासाघीस नको. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकाज कपच्या सरावाच्या वेळी आर्टेमिस टीमची मोठी कॅटामरान मोडून उलटली आणि ब्रिटनचा ऑलिंपिक विजेता अँड्र्यू सिम्प्सन त्यात गेला, त्यानंतर त्या स्पर्धेतले सुरक्षेचे नियम बरेच कडक झाले. मुलाच्या होडीचा वेग इतका नसणार, पण सोबत रेस्क्यू बोट असल्याशिवाय सोडू नका.

कोल्हापूर : एकट्याने जगाला फेरी मारणाऱ्या वेन्डे ग्लोबमध्ये पण फॉइल आहेत म्हणे. महिने दोन महिने उडत जातात की काय?

अर्धवट उडत. वेन्डे ग्लोबच्या होड्यांना इमोका म्हणतात, साठ फुटी. यांना बाजूने मिशांसारखे वळलेले फॉइल असतात पण सुकाणूवर टी फॉइल लावायला २०२४-२५ च्या शर्यतीपर्यंत तरी क्लासची परवानगी नव्हती. मागचा आधारच नाही म्हटल्यावर नाळ वर उचलली जाते, शेपूट पाण्यात घासत राहते, मध्येच सगळीच उडते आणि धाडकन खाली येते. आतल्या माणसाची हाडं खिळखिळी होतात, झोपतानाही हेल्मेट जवळ ठेवणारे आहेत. आणि सुकाणूवर बहुतेक वेळ ऑटोपायलट, एकटा माणूस चोवीस तास कसा बसणार.

फायदा झाला का, तर झाला. २०१६-१७ ला आर्मेल ले क्लेआक फॉइलच्या होडीवर ७४ दिवसांत जिंकला, २०२४-२५ ला शार्ली दालँ ६४ दिवस १९ तासांत. पण मधली २०२०-२१ ची शर्यत मला जास्त आवडते. तेव्हा नव्याकोऱ्या फॉइलच्या बऱ्याच होड्या मोडतोड होऊन मागे पडल्या, आणि साठी ओलांडलेला जाँ ले काम, जुनी होडी, फॉइल नाहीतच, चौथा आला. वाटेत त्याने दोन तुकडे झालेल्या होडीतला केव्हिन एस्कोफिए वाचवला तो वेगळाच. त्या मदतीबद्दल त्याला आणि शोधात थांबलेल्या आणखी दोघांना वेळेची भरपाई मिळाली, आणि त्यातलाच एक, यानिक बेस्तावेन, आधी रेषा ओलांडणाऱ्या दालँला मागे टाकून विजेता ठरला.

पूर्ण उडत जगाला फेरी मारायची ती अल्टिम या प्रकारात, तीन हलच्या ३२ मीटर लांब होड्या. २०२४ ला शार्ल कोद्रेलिए अशा होडीवर एकटा ५० दिवसांत फिरून आला.

पणजी : आपल्याकडे काय आहे? भारतीय खेळाडू फॉइलवर कुठे दिसत नाहीत.

शिडाच्या बाबतीत गोव्याने मान खाली घालायचं कारण नाही. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेल्या म्हादेईवर कमांडर दिलीप दोंदे २००९-१० ला एकट्याने जगाला फेरी मारून आले, अशी फेरी मारणारे ते पहिले भारतीय. तिथेच बांधलेल्या तारिणीवर नौदलाच्या दोघी अधिकारी, रूपा आणि दिलना, ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघून मे २०२५ ला परत आल्या. पण त्या दणकट, वजनदार होड्या, फॉइलचा प्रश्नच नाही. ऑलिंपिकला आपल्याकडून विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमनन गेले ते इल्का या साध्या होडीवर. हांगझोऊच्या एशियाडमध्ये इबाद अलीने विंडसर्फिंगचं ब्राँझ आणलं ते पण जुन्या आरएस:एक्सवर, म्हणजे जी फळी ऑलिंपिकमधून निघून गेली होती तिच्यावर.

कारणं फार गूढ नाहीत. सामान सगळं बाहेरून यायचं आणि मोडलं की परत बाहेरूनच. मुंबईच्या बंदरात भरती-ओहोटीचा फरक चार-पाच मीटरचा, पाणी गढूळ, जाळी, दोर, प्लास्टिक. साध्या होडीला पिशवी अडकली तर वेग कमी होतो, फॉइलला अडकली तर माणूस तोंडावर पडतो. दुपारचा खारा वारा मात्र फॉइलला झकास, नोव्हेंबरपासून मे पर्यंत जवळजवळ रोज. मोरजीला हंगामात काइटवाले असतातच, त्यांच्या पायाखाली फॉइल यायला काही डोंगर फोडायचा नाहीये, एखाद्या क्लबने पाच-सहा विंग फॉइलचे सेट आणि एक चांगला कोच ठेवला तरी पुरे, होडी मागाहून बघता येईल.

दादर : नातवाबरोबर अमेरिकाज कप बघितला. माणसं सायकल मारतायत, आत बॅटरी आहे म्हणतात. याला शिडाची शर्यत कशाला म्हणायचं?

आजोबा, चिडलात ते कळलं, आणि निम्मं तरी मला मान्य आहे. एसी७५ चे ते दोन जाडजूड हात वर-खाली करायला खरंच बॅटरी असते, कारण तेवढं वजन माणसाच्या जोरावर वेळेत हलत नाही. सायकल मारणारे होते ते शिडांसाठी, पेडलने तेलाचा दाब तयार व्हायचा आणि त्यावर शिडं ओढली-सोडली जायची. न्यूझीलंडने ही युक्ती २०१७ ला बर्म्युडात आणली, तोवर बहुतेक हाताने चरक फिरवायचे, पायात जोर जास्त असतो एवढं साधं गणित. २०२४ ला आठ जणांतले चार नुसते पेडल मारत होते, बाहेर काय चाललंय ते त्यांना धड दिसत पण नव्हतं. हा भाग मला पण आवडत नाही.

पण उंची सांभाळायचं काम तिथे अजून माणूसच करतो. सेन्सरने उंची मोजायची आणि कॉम्प्युटरने परस्पर पंख हलवायचा, हे नियमात बसत नाही, बटणं माणसालाच दाबावी लागतात. चूक झाली की काय होतं ते जानेवारी २०२१ ला ऑकलंडला दिसलं, अमेरिकन मॅजिक या टीमची पेट्रियट नावाची होडी एका वळणावर वर उडाली, आडवी आपटली, हलला भोक पडलं आणि बुडता बुडता वाचली, दुसऱ्या टीमची माणसं सुद्धा पंप घेऊन धावली. उलट ज्या मॉथला सगळे हौशी लोकांची साधी होडी म्हणतात तिच्यात उंची सांभाळायला काठीचं यंत्र चालतं, खलाशाने नुसतं सुकाणू नि शीड बघायचं. तेव्हा यंत्र म्हणून नाक मुरडायचं तर आधी मॉथवर मुरडावं लागेल. तुम्हाला ना बॅटरी ना काठी असं बघायचं असेल तर नातवाला आयक्यूफॉइल लावायला सांगा.